साहेबांचं पद आणि मावशीची तारीख

कचेरीतल्या कंप्युटरवाल्या कारकुनाला सगळे फूटपट्टी म्हणायचे आणि गड्याला त्याचा अभिमान होता. बावीस वर्षांत त्याचा एकही तक्ता पानाबाहेर गेला नव्हता. आतला मजकूर मेला तरी चालेल, चौकट देखणी हवी. घरी बायकोने डबे उंचीप्रमाणे लावले नाहीत तर हा जेवायला बसत नसे. अशा माणसाला कोणी दुष्ट म्हणत नाही. नीटनेटका म्हणतात.

त्या दिवशी यादी होती सफाईवाल्या बायकांची. चाळीस जणी, रोजंदारीवरून कायम व्हायच्या. फाईल पाचला वर जायची होती. चुकली की गेली. साहेब एका पानापेक्षा लांब यादीवर सही करत नसत, आणि शेऱ्याच्या रकान्यावर त्यांचं अख्खं पद एका ओळीत लागे: ‘मा. प्रभारी अतिरिक्त सहायक उपसंचालक यांचा शेरा’. पद बसवण्यातच अर्धं पान खर्ची पडलं. उरलेल्यात चाळीस जणींची नोकरी कोंबली. रुजू तारखेचा रकाना इतका आवळला की कंप्युटरने हात टेकले आणि तारखांच्या जागी नुसती जाळी छापली: ####. फूटपट्टीने पाहिलं. रेघा सरळ होत्या. पान आत पाठवलं.

साहेबांनी त्या ऐसपैस रकान्यात लिहिलं: ‘रुजू तारीख नाही. सर्व अपात्र.’

तीन वाजता मावशी त्याच्या टेबलापुढे उभी. सतरा वर्षं हीच खोली झाडत आलेली. मागे बाकीच्या.

“भाऊ, माझी तारीख कुठं गेली?”

“आहे हो मावशी, आतच आहे. जागा कमी पडली म्हणून दिसत नाही.”

“मग करा की जागा.”

“कशी करू? साहेबांचं पद मोडेल. दोन ओळींत जाईल.”

“मोडलं तर साहेबाला लागेल का कुठं?”

बायका फिसकन हसल्या. फूटपट्टीचे कान तापले. “तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.”

“सतरा वर्षं तुमच्या टेबलाखालचा कचरा काढतेय. बरंच कळतं.” मावशीने खुर्ची ओढली. “बसा गं सगळ्या. घाई नाही आपल्याला.”

सगळ्या फरशीवर बसल्या. जायला वाट उरली नाही.

चारच्या सुमारास फूटपट्टीने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून रकान्याच्या रेघेवर माउसने दोनदा टिचकी मारली. बस, एवढंच काम होतं. रकाना मजकुराएवढा झाला आणि चाळीस तारखा टपाटप उभ्या राहिल्या. पद मोडलं.

नवं पान छापून तो आत गेला, बायका मागोमाग साहेबांच्या दारापर्यंत. साहेबांनी आधी पदाकडेच पाहिलं. कपाळाला आठी. मग दारात अडून उभ्या असलेल्या चाळीस जणी दिसल्या, आणि आठी आपोआप गेली. सही केली.

“सकाळी का नव्हत्या या तारखा?”

“कंप्युटरचा घोळ, साहेब.”

“त्याला कशाला नावं ठेवता, भाऊ?” मावशी दारातूनच म्हणाली. “त्यानं सगळं जपून ठेवलं होतं. झाकलं तुम्ही.”