दिवस मावळल्यावर

१७ मे १९९८. वर्षभराच्या चटणीसाठी मिरच्यांची देठं काढत बसले होते, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. आईला मेंदूत रक्तस्राव होऊन चार दिवस झाले होते. ती शुद्धीवर आलीच नव्हती. आता मूत्रपिंडंही थांबली होती. कसेबसे हात धुऊन तशीच निघाले.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "श्वास मंदावतोय. श्वासाचं मशीन लावलं तर काही दिवस निघतील, पण त्या परत येणार नाहीत. एकदा लावलं की काढणं अवघड. रात्री आठपर्यंत ठरवा."

धाकटा भाऊ जयसिंगपूरहून येईपर्यंत मी खाटेशी उभी होते. मिरच्यांनी हात मनगटापर्यंत जळत होते. आईच्या गालाला शिवायचीही सोय नव्हती. माझं मन 'नको' म्हणत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. डॉक्टर चुकले असतील तर?

भाऊ आला तो तावातच. "मशीन लावा म्हणून सांग की त्यास्नी. मला काय इचारतीस?"

"उपयोग नाही म्हणतात."

"त्यांचं काय जातंय म्हणायला? उद्या समाज म्हणंल, लेकीनं आईला मारलं. तुझं काळीज दगडाचं हाय अक्का, तुला सोसंल. मला न्हाय."

मलाही सोसेल असं वाटत नव्हतं.

सव्वासातला सिस्टर नळीतून द्यायची पेज घेऊन आली. आम्ही जैन. आईनं लग्नापासून दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तापातसुद्धा. म्हणून रोज मी सिस्टरला सहाच्या आत पेज द्यायला लावत होते. त्या दिवशी मला ते सुचलंच नाही.

भाऊ आडवा आला. "थांबा सिस्टर. दिवस मावळलाय. आई आता काय घेत न्हाय."

"अहो, त्यांना काय कळतंय आता?"

"आम्हाला कळतंय की."

बोलला आणि स्टुलावर बसला. बराच वेळ आईच्या नाकातल्या नळीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मशीन नको, अक्का. पण सही दोघं करू. एकटी करू नकोस."

मशीन नको असं लिहिलेल्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. पुढं रात्रभर एखादा श्वास लांबला की वाटायचं, धावत जाऊन तो कागद परत मागावा. भावालाही तेच वाटत असणार. तो दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला.

सकाळी आई अजून होती. सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत ती पाणी घेत नसे, म्हणून आम्ही सातपर्यंत थांबलो. मग मी साबणानं पुन्हा हात धुतले, आग गेली का ते आधी स्वतःच्या डोळ्याच्या कडेला बोट लावून पाहिलं, आणि ओल्या कापसानं तिचे ओठ भिजवले.