पणजीच्या ओव्यांची वेबसाइट

बाळांनो, पणजीच्या आवाजातल्या ओव्यांची वेबसाइट का उघडत नाही, असं तुम्ही विचारलंत. आज वसमतला शिजत्या हळदीचा वास आला आणि अशाच हळदीच्या हंगामातला तो दिवस आठवला. वेबसाइट सांभाळणारी माझ्या नणंदेची मुलगी, माझी भाची, वेबसाइट जिथं साठवलेली होती त्या सर्व्हरच्या कंट्रोल पॅनेलमधली, चोर शिरेल अशी फट बुजवायला अपडेट करणार होती, तोच माझी जाऊ म्हणाली, "अमावस्येला काहून हात लावून राहिली? उद्या कर." "मामी, चोर पंचांग बघून येतो व्हय?" भाची हसली, पण थांबली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पॅनेल उघडताना जिथं फक्त नाव लिहायचं त्या रकान्यात कुणा परक्यानं हुकूम लिहिला होता. पॅनेलनं तो निमूट पाळला आणि सगळ्या ओव्या पुसल्या. बॅकअपची जादा प्रतही त्याच सर्व्हरवर होती, तीही गेली. जाऊ दिवसभर जेवली नाही. आता तिच्या फोनमध्ये सासूबाईंची, म्हणजे तुमच्या पणजीची, एकच ओवी उरली आहे, तीही अर्धी.