काळी गाडी आणि बहिणीचं स्थळ

शोरूममधल्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, "सर, फॅमिलीत किती जण?"

मी म्हणालो, "दोघंच."

घरात आम्ही सहा जण. आई, आबा, मी, बायको, चार वर्षांची मुलगी आणि लग्नाची बहीण. पण सहा म्हणालो असतो तर त्यानं मला पलीकडं नेलं असतं, जिथं पांढरी, लांबडी, सात सीटची गाडी उभी होती. वाईट नव्हती ती. बीड जिल्ह्यातली निम्मी वऱ्हाडं तिच्यातूनच जात असतील. पण मला तिच्या शेजारची हवी होती. काळी, उंच, चौकोनी, दोनच दारांची, पाठीवर स्टेपनी बांधलेली. चिखलातून, दगडांतून, पाण्यातून चालते म्हणून जाहिरातीत दाखवतात ती.

मी बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो. घर ते क्लास दीड किलोमीटर, सगळा सिमेंटचा रस्ता. वाटेत ना नदी ना डोंगर. दोन स्पीडब्रेकर आहेत.

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती चहाच्या टपरीसमोर, कुणाची तरी. त्या दिवसापासून जिवाला चैन नाही. फळ्यावर समीकरण लिहिताना बाहेरून जाड आवाज आला की खडू थांबायचा. जेवताना मोबाईलवर तिचेच फोटो. बायको म्हणायची, "एकदाची आणा बाई ती, निदान भाजीत मीठ हाय का न्हाई ते तरी कळंल तुमाला."

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. आबा अजून सही करतात ती एकेक अक्षर जपून, जणू पेन मोडेल. मी एम.एस्सी. झालो तो कुणाच्या वशिल्यानं नाही, आणि बीडात क्लास उभा केला तोही स्वतःच्या गळ्याच्या जोरावर. पण हे काही कपाळावर लिहिलेलं नसतं. रस्त्यानं चालताना मी दुसऱ्या कुठल्याही माणसासारखाच दिसतो. ते मला सहन होत नव्हतं, असं आज वाटतं. तेव्हा एवढंच वाटत होतं, की ही गाडी पाहिजे.

गाडी दारात आली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आईनं बोनेटवर स्वस्तिक काढलं आणि गाडीच्या पायरीवर उजवा पाय ठेवून तशीच खाली उतरली.

"चढायचं कुठून रं हिच्यात?"

तिच्या गुडघ्यांना ती उंची झेपण्यासारखी नव्हती. मागं बसायचं तर पुढची सीट दुमडून, वाकून आत शिरायचं. आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बैल पाहतात तशी.

"शेतात येईल का?"

"कुठंबी येईल, आबा."

"मग आण उद्या. खताची पोती न्यायचीत."

"ती पोत्याची गाडी न्हाई."

"मग कशाची हाय?"

मी काच पुसायला घेतली.

पुढं आईसाठी एक पांढरं प्लास्टिकचं स्टूल गाडीत कायमचं ठेवावं लागलं. कच्च्या वाटेवर गाडी गेली ती एकदाच, पालीच्या धरणाच्या काठाला, फोटो काढायला. आल्याबरोबर मी ती दोन बादल्या पाण्यानं धुतली. भेटेल तो विचारायचा, "सर, एवढी गाडी कावून?" मी प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचो. आपल्याकडचे रस्ते. शेत. पुढं विकताना येणारी किंमत. कारणं कधी कमी पडली नाहीत.

मग बहिणीचं स्थळ आलं.

ती बी.फार्म. झालेली, एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये काम करते. मुलगा वडवणीच्या पलीकडच्या एका गावचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वडवणीत कापडाचं दुकान असलेले एक आप्पा मध्यस्थ होते. मुलगा पाहायला आला, दोघं गच्चीवर अर्धा तास बोलले. पाहुणे गेल्यावर बहिणीनं कुणी न सांगता दुसऱ्यांदा चहा टाकला. आमच्या घरात एवढं कळायला पुरतं.

आमच्याकडं नंतर मुलीच्या बाजूनं मुलाचं घर पाहून यायची पद्धत आहे. म्हणायचं घर पाहायला जातो. पाहणं दोन्हीकडून चालू असतं. आपण त्यांचं पाणी, शेत, म्हशी बघतो. ते बघतात पायात काय, बोलणं कसं, कशातून आलात.

निघायच्या आदल्या दिवशी बहीण म्हणाली, "दादा, साधी गाडी भाड्यानं कर ना. न्हाईतर एसटीनं जावा."

"कावून? घरची गाडी असताना?"

"ती लई बोलती. तू गप बसलास तरी ती बोलती."

मला राग आला. मी म्हणालो, "मग बोलू दे की. आपण काय चोरी केलीय का?"

एवढ्या चांगल्या दिवशी भांडण नको, असा तिचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं निघालो. पुढं आई, मागं आबा आणि मामा. मामा अंगानं भरलेले. वडवणी येईपर्यंत त्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले होते.

"भाच्या, बाजाराला बकऱ्या नेताना बी एवढं दाबत न्हाईत बे."

गावात शिरल्यावर पारावरच्या एकानं हात केला. "गल्ली बारीक हाय पाहुणं, गाडी हितंच लावा. घर दोन मिनिटांवर हाय."

लावायला हवी होती. पण घरांच्या मागनं एक कोरडा नाला जात होता, दगडगोट्यांचा, आणि त्याच्या वरच्या अंगाला त्यांचं अंगण दिसत होतं. मी लिव्हर ओढून चारही चाकांना जोर दिला आणि गाडी नाल्यात उतरवली. आई "आगं माय, आगं माय" करत राहिली. गाडी एकदा घसरली, तिरपी झाली, मग गुरगुरत थेट अंगणात वर आली. कोंबड्या पळाल्या. चुलीपाशी बसलेली एक बाई उठून घरात गेली. शेजारच्या गच्च्यांवर माणसं उभी राहिली. मला वाटलं, बघतायत. बघतच होती.

मग मी स्टूल काढलं. आई पाठमोरी उतरायला लागली, पदर दारात अडकला, तो सोडवता सोडवता मामांनी पुढची सीट स्वतःच्याच पायावर पाडली. मुलाचे वडील ओट्यावर हात जोडून उभे होते. निवृत्त शिक्षक. सगळा गाव त्यांना गुरुजीच म्हणतो.

चहा झाला, पोहे झाले. गुरुजी मला म्हणाले, "काय करता तुमी?"

"शिकवतो. केमिस्ट्री."

"शिकवता?" त्यांनी माझ्या खांद्यावरून गाडीकडं पाहिलं. पुढचं लोखंडी गार्ड, टपावरचे पिवळे दिवे. मी हौसेनं बसवून घेतले होते.

मामांना वाटलं, भाच्याचं वजन कमी पडतंय. ते पुढं सरसावले. "आवो, बीडात लई नाव हाय ह्याचं. कुठलं बी काम असू द्या, एक फोन केला की झालं!"

गुरुजी "असं का" म्हणाले आणि पोह्याची प्लेट खाली ठेवली.

निघताना मुलगा माझ्याशी नीट बोलला, हात हातात घेतला. त्याची आई मात्र आमच्या आईला कुंकू लावण्यापुरतीच बाहेर आली. "कळवतो," गुरुजी म्हणाले.

आठ दिवस फोन नाही. मुलगा बहिणीला रोज संध्याकाळी फोन करायचा, तोही थांबला. ती मोबाईल पालथा घालून ठेवायची आणि पाच मिनिटांनी सरळ करून बघायची. मीही क्लासमध्ये तेच करत होतो. शेवटी मीच आप्पांना फोन लावला.

आप्पा आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका. ते म्हणतेत, माणसं वाळूच्या धंद्यातली दिसतेत. आपलं त्यांचं जमायचं न्हाई."

"वाळू? आप्पा, मी मास्तर हाय!"

"मला म्हाईत हाय हो. मी सांगितलं. ते म्हणाले, मास्तर असल्या गाडीत फिरत न्हाई."

मी खोलीत येऊन मोठ्यानं बोलायला लागलो. माझं शिक्षण काय, माझी इज्जत काय, ते समजतात काय स्वतःला. बहीण भिंतीकडं तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती. वळली नाही.

"दादा, तू तिथं माझ्यासाठी घर बघायला गेलतास का गाडी दाखवायला?"

तिनं ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला सुट्टी दिली. सवयीनं गाडीची किल्ली उचलली, परत खुंटीला अडकवली आणि बसस्टँडवर गेलो. सोबत फाईल घेतली, दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतच्या सगळ्या मार्कशीटा. बसमध्ये ती मांडीवर धरून बसलो. वडवणीहून पुढं वडापच्या जीपनं आणि शेवटचा तुकडा पायी.

गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून चष्मा काढला.

"एकटेच? गाडी?"

"एसटीनं आलो."

त्यांनी पाणी मागवलं. मी फाईल पुढं केली. "गुरुजी, ही माझी सर्टिफिकेटं. बघा तुमी. मी वाळूवाला न्हाई."

त्यांनी ती न उघडता माझ्याकडं सरकवली. "मी जन्मभर सर्टिफिकेटंच वाटली, पाहुणं. त्यात माणूस दिसत न्हाई."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मी एका नदीकाठच्या शाळंवर होतो. तिथं अशीच काळी गाडी यायची. वाळूचे टिपर निघून जाईपर्यंत शाळंच्या पटांगणात उभी राहायची. आतल्यांनी मला कधी शिवी दिली न्हाई की हात लावला न्हाई. नुसती उभी राहायची. पोरं खेळायची थांबायची. मी बी वर्गात जाऊन बसायचो, बाहेर बघत नव्हतो. त्या दिवशी तुमची गाडी नाल्यातनं वर आली आन् आमची मंडळी चुलीपासनं उठून दार लावायला गेली. सोयरे आलते, आन् ती दार लावायला गेली. ते मला बघवलं न्हाई."

मी फाईलची दोरी बोटाला गुंडाळत होतो.

"आता तुमी म्हणता, शिकवतो. मग असली गाडी कावून घेतली? ते सांगा."

शेत, रस्ते, विकतानाची किंमत, सगळं एकदम तोंडाशी आलं. ही उत्तरं मी इतक्यांना दिली होती की विचार न करता बाहेर पडली असती. पण घड्या घालणाऱ्या बहिणीची पाठ डोळ्यांपुढून हलेना.

"चांगली दिसती म्हणून," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"म्हंजी दिसती चांगली. दुसरं काय न्हाई. आईला तिच्यात चढता येत न्हाई. रंग खराब होईल म्हणून शेतात नेली न्हाई. नाल्यातनं काढली ती बी पहिलीच वेळ. तिरपी झाली तवा मी लई भ्यालतो. आईसमोर दाखवलं न्हाई, एवढंच."

गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांनी मान वळवून आत हाक मारली, "आगं, आयकलं का? हे बी भ्यालते म्हणं! तू हिकडं भ्यालीस, आन् हे गाडीत बसून भ्यालते!"

त्यांची मंडळी पदराला हात पुसत दारात आली. मला नीट न्याहाळून म्हणाली, "माय, मग रस्त्यानं यायचं की वो पाहुणं!"

दोघंही हसत होते. मला ते हसणं आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. कान तापले होते. एवढं शिकून एका परक्या ओट्यावर लहान पोरासारखा बसलो होतो. उठून चालू लागावं असं दोनदा वाटलं, पण बसून राहिलो.

हसणं थांबल्यावर गुरुजी म्हणाले, "मी हो म्हणत न्हाई, न्हाई बी म्हणत न्हाई. पोरगं शाळंतनं आलं की सगळं सांगतो त्याला. मग त्या दोघांचं त्यांनी बोलावं."

वडवणीच्या स्टँडवर आलो तेव्हा बाजार उठत होता. पिशव्या घेतलेल्या बायकांनी बाकडी भरली होती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिलो. शाळा पाचला सुटते. घरी यायला त्याला अर्धा तास. चहा. मग वडील सांगणार, कसं सांगणार, किती हसत सांगणार. बीडची एक बस लागली, ती सोडली, वाटेत रेंज जाईल म्हणून. दुसरी लागली, तीही सोडली.

सहा वाजता बहिणीचा फोन आला.

"दादा, कुठं हायस?"

"वडवणीला."

"तिथं कावून?"

"काम होतं."

"त्यांचा फोन आलता," ती म्हणाली. "रविवारी येतेत. सगळेच येतेत, तारीख धरायला."

मी "बरं" म्हणालो.

"दादा, तू नाल्यात भ्यालतास म्हणं?"

"कुणी सांगितलं?"

"तिकडं सगळ्या घराला म्हाईत हाय की." ती हसत होती. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मी म्हणालो, "रविवारी गाडी मागच्या गल्लीत लावतो. दिसायला नको."

"कावून? दारातच लाव," बहीण म्हणाली. "त्यांच्या आईला तिच्यात बसून बघायचंय."