पटावरचं विसावं नाव

माझा जन्म एक जूनचा. म्हणजे कागदावर. आई म्हणायची, तू झालीस तेव्हा सावद्याला कडाक्याची थंडी होती आणि तुझे वडील केळीला पाणी भरायला गेले होते. पण शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी डोकंही वर न करता एक जून लिहिलं आणि विषय संपवला. आमच्या पिढीत हे घरोघरचं. शाळा जूनच्या मध्यात सुरू होते, तोवर पोराला सहा वर्षं पूर्ण झालेली दिसली की गुरुजींचं काम झालं. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, धुळ्याच्या महापालिकेच्या शाळांत उभा जन्म काढला. दरवर्षी एकतीस मेला निरोपसमारंभात एकदम चार-चार हार आणावे लागायचे, कारण निम्मी माणसं माझ्यासारखीच एक जूनची. आम्ही त्यावर हसायचो. आणि मीही तेच करत आले. आईबाप मजुरी करणारे, हातात कागद नाही, मग लिही एक जून. त्यात आपलं काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

शेवटची काही वर्षं माझ्याकडे एका लहान शाळेचा कारभार होता. प्रभारी मुख्याध्यापिका. प्रभारी म्हणजे काम मुख्याध्यापिकेचं, पगार शिक्षिकेचा आणि बोलणी दोन्हीकडची. पहिली ते चौथी, मी आणि आणखी एक शिक्षक. खोल्या दोन, पण एकीचं छत गळायचं, म्हणून चारही वर्ग एकाच खोलीत. गळतीबद्दल मी कार्यालयाला लिहून लिहून थकले. उलट प्रश्न एकच यायचा, तुमचा पट किती? पट म्हणजे हजेरीवरची मुलं. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद आणि मुलं दुसऱ्या शाळेत. याला कार्यालयात समायोजन म्हणतात. किती सोज्वळ शब्द आहे बघा. आमच्या मुलांचं समायोजन होणार होतं पांझरा नदीपलीकडे, देवपुरात. मध्ये ट्रकांचा रस्ता, मग पूल. आईबाप सकाळी सातला मजुरीच्या अड्ड्यावर उभे, मग सहा वर्षांच्या पोराला तिकडे पोहोचवणार कोण? तेव्हा वीस हा आकडा आमच्यासाठी जिवाचा होता.

म्हणून अख्खा मे महिना आम्ही दोघं उन्हात वस्ती पालथी घालायचो. पिवळ्या व्हॅनवाल्या शाळांची माणसं आमच्या आधीच चकचकीत कागद वाटून गेलेली असायची. मी लोकांच्या ओट्यावर बसून अक्षरशः पदर पसरलेला आहे. तुमचं पोर आमच्याकडे द्या हो. साडी चुरगळलेली, डोकं तापलेलं, आणि समोरची बाई म्हणणार, तुमच्याकडे टाय नाही ना बाई. चीड यायची. पण तोंडावर हसू ठेवावं लागायचं.

त्या वर्षी एकोणीसवर गाडी अडली. शाळा सुरू होऊन आठवडा झाला आणि विसावी मुलगी आईचा हात धरून दारात उभी राहिली. पिंपळनेरकडचं कुटुंब, दोन वर्षांपासून धुळ्यात बांधकामावर. पोरीच्या कानात निळा दोरा, केसांना इतकं तेल की कपाळावर ओघळ. मला तिला कडेवर घ्यावंसं वाटलं. आईनं आधार कार्ड पुढे केलं. त्यावर जन्म एक जानेवारीचा. हा आधारवाल्यांचा एक जून. त्यांना तारीख मिळाली नाही की ते वर्षाचा पहिला दिवस टाकतात. पहिलीसाठी डिसेंबरच्या एकतीसपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे पोरगी बरोबर एका दिवसानं लहान ठरत होती.

एका दिवसासाठी मी विसावं पोर परत पाठवणार होते काय? कार्ड बाजूला सारलं, जनरल रजिस्टर पुढे ओढलं आणि आधीच्या वर्षातला एक जून लिहून टाकला. ठसठशीत अक्षरात. आई काहीतरी बोलायला गेली, मी म्हटलं, झालं तुझं काम, उद्यापासून पाठव. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की शाळेत पेढे वाटले.

पावसाळा सरता सरता कार्यालयाचा निरोप आला. रजिस्टरातला पट धरणार नाही, संगणकावर आधारशी जुळलेली नावंच मोजणार. एकोणीस नावं हिरवी झाली आणि एक लाल राहिलं. रजिस्टरातला एक जून आणि कार्डावरचा एक जानेवारी एकमेकांना ओळख देईनात. दोन्ही तारखा माणसांनीच मनानं टाकलेल्या, पण यंत्राला त्या सारख्या हव्या होत्या.

मी कार्यालयात गेले. तिथला कारकून बिचारा भला माणूस. त्यानं दोन रस्ते सांगितले. एक, रजिस्टरातली तारीख बदलून घ्यायची, त्यासाठी वर अर्ज करायचा. दुसरा, आधारवरची बदलायची. मी अर्जाचा कागद मागितला तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, अर्जात काय लिहाल? वय बसत नव्हतं तरी दाखल करून घेतली म्हणून? लेखी खुलासा मागतील. तुमची पेन्शनची फाइल त्याच टेबलावरून जाते."

अर्ज मी घरी बसून लिहिला. माझी चूक, असं स्पष्ट लिहिलं. घडी घालून पर्समध्ये ठेवला. रोज पर्स घेऊन निघायचे आणि रोज तशीच परत यायचे. मी घाबरले होते. दुसरं काही कारण नाही.

मग दुसरा रस्ता धरला. पोरीच्या आईचा एक खाडा पाडला आणि मायलेकींना रिक्षात घालून आधार केंद्रावर नेलं. दोन तास रांगेत. खिडकीतल्या माणसानं विचारलं, जन्मदाखला आहे का? आई पदर सावरत पुढे झाली, "बाई, हाई ते..." एवढंच म्हणाली. मी तिला हातानं मागे सारलं. तू थांब, मी बोलते. आणि मी त्याला ऐकवलं, अहो, या लोकांकडे कुठला आलाय जन्मदाखला? पोट भरायला वणवण करणारी माणसं, यांना पोराचं वर्ष आठवत नाही, तारीख कुठली आठवणार? तुम्ही माणुसकी दाखवा. तो म्हणाला, माणुसकी या मशीनमध्ये नाही हो मॅडम, दाखला आणा. मी तिथेच त्याच्याशी भांडले. येताना रिक्षात पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली.

एप्रिलमध्ये शाळा बंद झाल्याचा कागद आला. एकोणीस. एकतीस मेला माझा निरोपसमारंभ झाला, शाल, नारळ, चार हारांतला एक माझा. साहेबांनी भाषणात माझ्या पटनोंदणीचं कौतुक केलं. पर्समध्ये अर्ज तसाच होता.

मी राहते देवपुरात, त्या नव्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर. जूनमध्ये सकाळी गॅलरीत उभी राहून आमची मुलं मोजायचे. पहिल्या दिवशी अकरा आली. गणपतीपर्यंत सहा उरली. निळ्या दोऱ्याची पोरगी एकदाही दिसली नाही. शेवटी शाळेत जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की संगणकावरून एकोणीसच नावं इकडे आली. तिचं नाव आलंच नाही. शाळाबाह्य मुलांच्या यादीतही ती नाही, कारण कुलूप लावलेल्या शाळेच्या रजिस्टरात ती अजून शिकते आहे.

मी ऊन उतरल्यावर वस्तीत गेले. मायलेकी ओट्यावर बसून व्यापाऱ्याच्या पोत्यातल्या लाल मिरच्यांची देठं खुडत होत्या. पोरीचे डोळे सुजलेले, बोटं लाल. मला बघून ती उठली आणि हात मागे बांधून उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशी. मी आईला सांगायला लागले की मी येते तुझ्याबरोबर, देवपुरात तिचं नाव घालू, दाखल्याचं काहीतरी करू, एखादं शपथपत्र करू, एक तारीख ठरवून टाकू.

आईनं पहिल्यांदाच माझं बोलणं मध्ये तोडलं. "तारीख कशाले ठरावनी, बाई? आखाजीना दुसरा दिन व्हता. पिंपळनेरना सरकारी दवाखानामा जलमनी ती. नर्सबाईनी वहीमा लिखं."

वर्ष विचारून मी हिशेब केला. ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मी लिहिलेल्या एक जूनच्या थोडे दिवस आधीची. पोरगी पहिल्या दिवसापासून वयात बसत होती. पिंपळनेरच्या त्या वहीवरून एक दाखला आणला असता तर कार्डही बदललं असतं, रजिस्टरही, वीसही झाले असते. बसनं दोन तासांचा रस्ता. मी ओट्याच्या कडेला बसले. म्हटलं, अगं मग तेव्हा सांगितलं का नाहीस?

तिनं वर बघितलं. रागानं नाही.

"कोनी इचारं व्हतं, बाई?"

मग तिनं पोरीला खाली बसायला सांगितलं आणि मिरच्यांचं सुपडं तिच्यापुढे सरकवलं.