तिवसाची मूठ

मला गंजलेले घडीचे चाकू जमवून नवे करायचा नाद आहे. बोरी अरबच्या बाजारात भंगारवाल्यासमोर मी उकिडवा बसलो की बायको चार हात लांब उभी राहते, ओळखसुद्धा दाखवत नाही. पातं घासलेटात भिजवायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, नवी मूठ बसवायची. आणखी काय हवं माणसाला?

जावई दिवसभर लोखंड घासत बसतो याची सासऱ्यांना भारी लाज. म्हणून त्यांनी स्वतःचाच चाकू माझ्यापुढे टाकला तेव्हा मला आतून गुदगुल्या झाल्या. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत सासूबाईंनी तो घेऊन दिला होता. मूठ पार चिरलेली. "बिघडला तं याद राखा," ते म्हणाले.

त्या वर्षांत कापसाला कुत्रं विचारत नव्हतं. सासऱ्यांनी चिडून सगळ्या वावरात सोयाबीन पेरलं होतं आणि कपाशीच्या पऱ्हाटीचं काडूकही घरात यायचं नाही, असा हुकूम काढला होता. अगदी चुलीलासुद्धा नाही. मी मुठीसाठी लाकूड शोधतोय म्हटल्यावर सासूबाईंनी गोठ्यामागून एक जाडजूड बुडखा आणून दिला. पऱ्हाटीचाच.

"पाहू तं, तुमचे मामाजी ओयखते का," त्या म्हणाल्या.

"आन् ओळखलं तर?"

"मंग तुमचं तुमी पाहा, जवाईबापू."

जवसाचं तेल पाजल्यावर तो बुडखा असा काही खुलला की मलाच शंका आली. सासऱ्यांनी मूठ हुंगली, नखानं टोकरून पाहिली. "कायचं लाकूड हाय?"

"तिवस, मामाजी. झरीकडच्या जंगलातलं, कुऱ्हाडीच्या दांड्याचं."

झालं. चौकात, पानठेल्यावर, भेटेल त्याच्या हातात ते आपलं तिवस देऊ लागले. सासूबाई तोंडात पदर कोंबून आत पळायच्या.

मला मात्र धास्ती. कळलं तर चाकू थेट विहिरीत जाणार, आणि जत्रेतला तो चाकू काही परत यायचा नव्हता. सासूबाईंनाही हे ठाऊक होतं. पण एका दुपारी पेरू कापता कापता सासरे कपाशीच्या नावानं बोटं मोडायला लागले. "उभ्या जन्मात काही देलं नाही तिनं," म्हणाले. सासूबाईंना राहवलं नाही.

"मंग हातात काय हाय तुमच्या?"

सासरे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेरूच्या बिया न्याहाळू लागलो. त्यांचा अंगठा मुठीवरून फिरला, मग पुन्हा फिरला. विहीर अंगणातच होती.

त्यांनी पेरूची एक फोड कापली आणि आधी सासूबाईंपुढे धरली. मग चाकू धोतराला पुसला, मिटला, खिशात ठेवला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "लोकाइले तिवसच सांगजा."