फ्लेक्सवरचा वाघ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरी विचारलं तरी ‘मला आठवत नाही’ म्हणून हात झटकले. आठवतं सगळं. वय सत्तरीपार गेलंय, पण डोकं अजून शाबूत आहे.

आज लिहायला बसलो त्याला कारण एक फ्लेक्स. आमच्या पेठेच्या तोंडावर परवा लागलाय. मध्ये वाघाचा मुखवटा, शेजारी गॉगल घातलेले गोट्यादादा, खाली ‘पेठेचा वाघ’. पलीकडच्या गल्लीत सोन्याभाईचा फ्लेक्स, त्यावर पण तोच मुखवटा. ‘मुखवट्यातला माणूस आमचाच होता’ म्हणून दोन्हीकडची पोरं मोबाईलवर एकमेकांच्या आया-बहिणी काढताहेत. दोघेही खोटारडे. त्या मुखवट्यामागचा माणूस कोण होता ते मला माहीत आहे. म्हणजे... दिवाळीच्या पाडव्यापर्यंतचं माहीत आहे. त्या दिवशी मागे कोण होतं ते आजही माहीत नाही.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावस्येला लिंबू ओलांडून जाणारा माणूस मी. अंगात आलेल्या बाईला ‘चहा घे, उतरंल’ म्हणणारा. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला हसलं तर माझी हरकत नाही. मीही हसलोच असतो.

आमची पेठ गंगावेशीच्या अलीकडे, पंचगंगेच्या बाजूला. मी तेव्हा तालमीचा अध्यक्ष होतो. पेठेतलं भांडण पोलिसांकडे जायच्या आधी तालमीत यायचं, आणि मी सांगेन तो निकाल. त्या सुमाराला गोट्यादादा आणि सोन्याभाई यांच्या टोळ्यांची मारामारी पेटली होती. रिकामे प्लॉट कुणी बळकवायचे यावरून. दोघेही तलवारीने केक कापणारे, आणि घरी आई ओरडली की गप भाजी आणायला जाणारे. यांना लोक घाबरायचे!

त्यातच पहाटेचे खून सुरू झाले. आधी चहावाला, मग शाळेचा वॉचमन, मग इस्त्रीवाला. सगळे गरीब, उजाडायच्या आधी कामाला लागणारे, एकटे. दोरीने गळा आवळलेला. गोट्यादादा म्हणाला, ‘माझा कार्यकर्ता मारला.’ सोन्याभाई म्हणाला, ‘तुझा कसला, माझा!’ चहावाल्याला आयुष्यात दोघांनी चहाचे पैसे दिले नव्हते, पण मेल्यावर एकाच माणसाच्या श्रद्धांजलीचे दोन फ्लेक्स चौकात लागले. त्यातला कुठला आधी फाडला यावरून दुकानं जाळली. पोलीसही खुनी टोळीत शोधत बसले. खुन्याला लपायची गरजच नव्हती. या गाढवांनीच त्याला झाकून ठेवलं होतं.

त्याआधीच, वॉचमन मेल्यावर, वाघाची बातमी आली होती. पहाटे कुणीतरी वाघाचा मुखवटा घालून गल्ल्या धुंडाळतो. दोन्ही टोळ्यांच्या पोरांना त्याने बुकललं होतं, आणि एकच विचारलं होतं, ‘वॉचमनला कुणी मारलं?’ मोहरममध्ये नवसाचे वाघ नाचतात आमच्याकडे, तसला मुखवटा. आम्ही कट्ट्यावर त्याची चेष्टा करायचो. सगळ्यात मोठ्याने मी.

आमच्याकडे संध्याकाळी दूध प्यायला कट्ट्यावर जमायची पद्धत. गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढतात, ग्लास हातात देतात. शिवाप्पा गवळी माझा शेजारी. त्याची चंद्रा नावाची म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला दूध द्यायची नाही, खुद्द त्याच्या बायकोच्या, रुक्माक्काच्याही नाही. दूध त्याचं प्यायचो, पण माणूस म्हणून मी त्याला कधी हिशेबात धरलं नाही. शेणात जन्म गेला, याला काय अक्कल, असं वाटायचं मला.

त्या संध्याकाळी धार काढता काढता शिवाप्पा हळूच म्हणाला, “आण्णा, जरा बाजूला येतासा? मी बघितलंय त्येला.”

“कुणाला?”

“खून करणाऱ्याला. इस्त्रीवाल्याच्या खोपटातनं भाईर पडताना. आपला विलास फ्लेक्सवाला. पोलीस माझं ऐकत न्हाईत, हाकलून दिलं. तुम्ही अध्यक्ष हायसा. संगं चला की.”

विलास तिथेच होता. चार माणसं सोडून, ग्लास घेऊन बसलेला. मी शिवाप्पाकडे बघितलं, आणि माझ्यातला अध्यक्ष जागा झाला.

“ऐकलं काय रे!” मी ओरडलो. “शिवाप्पा म्हणतोय, खून विलास करतोय! ए विलास, लेका, फ्लेक्सची गिऱ्हाइकं कमी पडली व्हय रं?”

कट्टा फुटला हसून. विलास पण हसला. त्याच्या ओठावर दुधाची पांढरी मिशी होती, ती त्याने सावकाश पुसली.

“खुळं हाय गवळी,” कुणीतरी म्हणालं. “शेणाचा वास डोक्यात गेलाय.”

शिवाप्पाने धार पुरी केली. माझा ग्लास भरून हातात दिला, तेवढंच.

त्यानंतर लगेचच एका सकाळी शिवाप्पा गोठ्यात सापडला. गळ्याला दोरी. रुक्माक्काने पेटी उघडली तर तळाशी वाघाचा मुखवटा, एक कान तुटलेला. मोहरमच्या नवसाचा. तेव्हा कळलं, टोळीवाल्यांना बुकलणारा वाघ म्हणजे आमचा शेणातला शिवाप्पा. पोलीस टोळ्यांतच शोधत बसले म्हणून हा एकटा खुन्याला शोधत फिरत होता.

शिवाप्पा लिंगायत, त्यांच्यात पुरतात. रुक्माक्काने मुखवटा त्याच्या छातीवर ठेवला. वर पहिली मूठ माती मी टाकली, अध्यक्ष म्हणून. तुटका कान माझ्या डोळ्यांसमोर मातीत गेला. चौकात शिवाप्पाचे दोन फ्लेक्स लागले, एक गोट्यादादाचा, एक सोन्याभाईचा. दोन्ही विलासने छापले, स्वतः शिडीवर चढून बांधले.

आणि मी? मी पोलिसांकडे गेलो नाही. गेलो असतो तर कट्ट्यावर काय बोललो ते सांगावं लागलं असतं. अध्यक्षाची अब्रू! खुनी मोकळा फिरत होता, उद्या आणखी कुणाचा गळा आवळणार हे मला ठाऊक होतं, आणि मी घरात पेपर वाचत होतो. गोट्या आणि सोन्याला मी गाढव म्हणतो, पण मला काय म्हणायचं ते अजून सापडलेलं नाही.

मग पाडवा आला. पाडव्याला आमच्याकडे म्हशींची मिरवणूक असते. शिंगं रंगवायची, मोरपिसं, कवड्यांच्या माळा. मालक पुढे मोटारसायकलवर, आणि म्हैस फक्त त्याच्या हाकेमागे पळते. दुसऱ्याच्या नाही. मी तालमीसमोर खुर्ची टाकून म्हशींना हार घालत होतो. लख्ख दुपार, रस्ता माणसांनी भरलेला. रुक्माक्काच्या घरी दुखवटा, त्यामुळे चंद्रा गोठ्यातच बांधलेली.

एकाएकी सायलेन्सरांच्या गोंगाटातून हाक ऐकू आली. “चंद्रेऽऽ हुर्र्ये!”

ती हाक मी जन्मभर भिंतीपलीकडून ऐकली होती. दोन गाड्यांच्या मधून वाघाच्या मुखवट्यातला माणूस पायी चालत येत होता. मागून चंद्रा, दावं तोडून आलेली, ना रंग ना माळ. लोक शिट्ट्या मारायला लागले. “आला रं गोट्यादादाचा वाघ!” वर बाल्कनीत गोट्यादादा हात हलवत होता, मूर्ख.

वाघ माझ्या खुर्चीसमोर थांबला. मुखवट्याचा एक कान तुटलेला होता, आणि तुटक्या जागी ओली माती. मी हात जोडले. तोंड उघडलं. दोनच शब्द होते. आले नाहीत.

तो पुढे गेला, चौकात. विलास शिडीवर फ्लेक्स बांधत होता. वाघाला बघून धडपडत खाली आला, तर चंद्राने त्याला भिंतीला टेकवलं. मारलं नाही, शिंग लावलं नाही. नुसतं कपाळ त्याच्या छातीला लावून उभी राहिली. आणि तो केकाटला, “शिवाप्पा, चुकलं माझं! मीच मारलं तुला, सगळ्यांना मीच मारलं, तिला बाजूला घे!” बंदोबस्ताच्या हवालदाराने ऐकलं, अख्ख्या पेठेने ऐकलं. सगळे विलासकडे बघत होते. वळून बघितलं तेव्हा वाघ नव्हता. का मारलंस विचारल्यावर विलास पोलिसांना म्हणे एवढंच बोलला, “मी छापलेल्या श्रद्धांजलीच्या बोर्डासमोर लोक थांबायचे, ते बघायला बरं वाटायचं.”

कुणीतरी शिवाप्पाच्या हाकेची नक्कल केली असेल, मुखवटा उकरून काढला असेल, हे सगळं माझ्याही मनात आलं. मी त्याच संध्याकाळी जाऊन बघितलं. माती हललेली नव्हती, वर ठेवलेला दगड तसाच, आणि शिवाप्पा जाऊन थोडेच दिवस झालेले असूनही त्यावर कोवळं गवत उगवलेलं. परत येताना रुक्माक्का गोठ्याच्या दारात उभी. आत दुधाने काठोकाठ भरलेली बादली, वर फेस अजून बसायचा होता. शिवाप्पा गेल्यापासून चंद्राने रेडकाशिवाय कुणाला थेंब दिला नव्हता. बादलीवर त्याचा टॉवेल झाकलेला, चारही टोकं आत खोचून. तो तसाच झाकायचा.

“कुणी धार काढली, आण्णा?” तिने विचारलं. मी वळून घरी गेलो.

पुढे ती लेकीकडे कबनूरला गेली. मी एकदाच गेलो होतो तिथे, एस्टीने, वाटभर ते दोन शब्द घोकत. विलाससारख्या हलकटाला भर चौकात जमले, मला का जमू नयेत? यंत्रमागाच्या खडखडाटात ती दारात बसली होती. मला बघून पदर सावरला.

“का आलासा, आण्णा?”

मी म्हणालो, “दूध प्यायला.”

तिने ग्लास भरून दिला. मी तो प्यायलो आणि परतीची एस्टी धरली.