बोंदरे सरांचं भेव

बोंदरे सर गेल्याचं मला रायपूरजवळच्या आमच्या गावात, पावर हाउस भागातल्या बाजारात कळलं. भाजीवाल्याशी घासाघीस चालली होती, तेवढ्यात आमच्या कॉलेजचा जुना शिपाई सायकलवरून उतरला नि म्हणाला, "मैडम, बोंदरे सर नहीं रहे." वीज, कुत्री, रेल्वेचं फाटक, प्राचार्यांची चिठ्ठी... ज्या ज्या गोष्टींना हा माणूस जन्मभर भ्याला, त्यांतल्या एकीनंही त्यांना हात लावला नाही. साध्या तापानं गेले. पुढे शोकसभेत तिघा वक्त्यांनी त्यांना 'निर्भय' म्हटलं. त्यांतल्या दोघांनी सर हयात असताना त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. म्हणून, काही आठवड्यांनी का होईना, हे लिहायला बसले आहे.

आम्ही एकाच खाजगी कॉलेजात शिकवायचो. मी इतिहास, ते राज्यशास्त्र. एम.ए.च्या वर्गासाठी पर्यावरणाचं राजकारण आणि संशोधनपद्धती हे विषय त्यांनी हट्टानं मागून घेतले होते. प्राचार्यांच्या लेखी पर्यावरण म्हणजे वृक्षारोपण, आणि राजकारण म्हणजे रोप कुणाच्या हस्ते लावायचं ते. सर मुलांना सांगत, "धूळ कोणाची अन् ताट कोणाचं, एवढं पाहा. बाकी परीक्षेपुरतं."

खुर्सीपार भागाच्या कडेला लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीमागे वस्ती होती. फाउंड्रीचे मालक आमच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. वस्तीतले पुरुष त्यांच्याकडेच रोजीवर, आणि घरांखालची जमीनही त्यांचीच. सरांचे विद्यार्थी तिथं पाहणीला गेले, धुळीचा त्रास होतो का म्हणून घरोघर विचारलं. "कोनो तकलीफ नइ हे," सगळ्यांनी सांगितलं. मुलं खूश होऊन परतली. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सगळ्यांच्या छातीवर कॉलेजचे बिल्ले, आणि कॉलेजला नाव मालकांच्या वडिलांचं! "अरे, हे उत्तर नोहे, हे भेव आहे. बिल्ले काढा अन् कपड्यायचं विचारा." दुसऱ्या खेपेला मुलींनी तिथल्या बायकांना सहज विचारलं, कपडे कुठे वाळवता? "भीतरीच सुखाथन बेटी, बाहिर करिया हो जाथे." बाहेर घातले की काळे पडायचे. मग कपड्यांमागून लेकरांचा खोकलाही निघाला. तुमचं नाव कुणाला कळणार नाही, असं प्रत्येकीला सांगूनच मुली निघायच्या. सरांनी ते त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

हे सगळं कॉलेजच्या परिसंवादात वाचायचं होतं. आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये सर माझ्याजवळ येऊन बसले. "बाई, मले भेव वाटून राहिलं."

"मग वाचता कावून? आजारी पडा."

"न वाचलं तं पोरायले शिकवलं काय मी?"

भ्यायला कारण होतं. सरांच्या पत्नी कुसुमवहिनी त्याच समितीच्या शाळेत शिकवत, आणि नोकरी तात्पुरती होती.

परिसंवादासाठी भाड्यानं आणलेल्या कुंड्यांची पानं शिपायानं ओल्या फडक्यानं पुसली होती, कारण फाउंड्रीची धूळ दोन गल्ल्या ओलांडून कॉलेजातही यायची. पर्यावरण असं चकचकीत झाल्यावर प्रमुख पाहुणे म्हणून मालकांनी समई लावली. सरांनी वाचायला घेतलं तेव्हा हातातल्या कागदांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. वाचून झालं. मालक फार गोड आवाजात म्हणाले, "बहुत अच्छा काम है, प्रोफेसर साहब. कौन-कौन से घर हैं, बता दीजिए. हम खुद मदद करेंगे." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्या घरांखालची जमीन कुणाची, ते मला आठवलं.

सर पाणी प्यायले. मग म्हणाले, "एक घर का बता सकता हूँ. मेरा. वहीं पास में रहता हूँ, हमारे यहाँ भी कपड़े अंदर सूखते हैं."

"और बाकी?"

"बाकी... याद नहीं, सर."

मालक हसले, दुसऱ्या रांगेकडे वळले. "बच्चों को याद होगा."

एकाही विद्यार्थ्यानं मान वर केली नाही. सरांचा आवाज चिरकला, "इनको भी मैंने ही पढ़ाया है, सर."

त्यानंतर काहीच झालं नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं. कॉलेजच्या फाटकाशी जीप थांबली की सरांच्या हातून खडू पडायचा. वहिनी घरी कडी वाजली की आधी खिडकीतून बघायच्या. मीसुद्धा काही महिने त्यांच्याशी व्हरांड्यात बोलताना आवाज खाली आणायची. वस्तीतल्या एकाही घराला कुणी हात लावला नाही, कारण घरं कुणाला सापडलीच नाहीत. जूनमध्ये मात्र वहिनींना निरोप आला, यंदापासून शाळेत येऊ नका. मी भेटायला गेले तर सर म्हणाले, "चला बाई, एक भेव तं कमी झालं."

आतून वहिनी कडाडल्या, "हो! तुमचं भेव गेलं, अन् माही नोकरी!"

तेराव्याला त्या विद्यार्थिनींपैकी नलिनी आली होती. आता ती रायपूरला संशोधनपद्धतीच शिकवते. फाउंड्री बंद पडून वर्षं लोटली, मालकही गेले. सगळे पांगल्यावर सरांच्या खोलीत आम्ही तिघीच चहा घेत बसलो होतो. मी सहज विचारलं, "कोणाकोणाची घरं होती गं ती?"

नलिनीनं कप खाली ठेवला. आधी उघड्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आठवत नाही, बाई."

वहिनींनी उठून दार लोटून घेतलं. तरीही नलिनीनं नुसता कप उचलला आणि चहा संपवला.